गाडी पलीकडे लावा

अर्लीन हॉचकिसने आजवर एक पाद्री, एक दातांचा डॉक्टर, निवडणुकीला उभा राहिलेला एक उमेदवार आणि माझी सख्खी भाची, एवढ्यांना आमच्या युनियन हॉलच्या आवारातून बाहेर काढलंय. पाद्रीबाबांची तर गंमतच झाली. हॉलसमोर रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे त्यांचंच चर्च. ते आले होते आमच्या जेवणाआधी प्रार्थना म्हणायला, कोरियन गाडी घेऊन. अर्लीनने काठी उचलली आणि त्यांना त्यांच्याच चर्चच्या आवारात गाडी लावायला पाठवलं. बिचारे निमूटपणे गेले आणि चालत परत आले. त्या दिवशीची प्रार्थना जरा आटोपशीरच झाली.

फ्लिंटमध्ये गाड्यांच्या कारखान्यातल्या आम्हा निवृत्त कामगारांचं दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी जेवण असतं. हॅम, बटाट्याचं सॅलड, लिंबाचा केक आणि नंतर पत्ते. हॉलच्या फाटकावर पाटी आहे: परदेशी कंपन्यांच्या गाड्या आत लावू नयेत. पाटी जुनी, रंग उडालेला. ती नुसती पाटी असती तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण पाटीखाली घडीची खुर्ची टाकून, मांडीवर चादर घेऊन अर्लीन बसते. पंचवीस वर्षं झाली. तिला कुणी नेमलेलं नाही आणि हटवायची कुणाची छाती नाही.

मी नेडीन. सीटची कव्हरं शिवायच्या खात्यात अर्लीनच्या शेजारच्या मशीनवर एकोणीस वर्षं होते. ती एकूण एकतीस वर्षं होती. तिच्या डाव्या अंगठ्याच्या नखातून एकदा सुई आरपार गेली होती, तेव्हाही आधी तिने शिवण पूर्ण केली आणि मग ओरडली. अजून कुणाच्याही गाडीत बसली की पहिल्यांदा तिचा हात सीटच्या कडेच्या शिवणीवरून फिरतो. "घाईत मारलाय," म्हणते, किंवा "बरा आहे टाका." गाडीचा रंग कुठला, हे तिला नंतरही आठवत नाही.

आता हा देशी-परदेशीचा वाद आमच्या हॉलमध्ये इतका दळला गेलाय की त्याचं पीठ उरलेलं नाही. कुणी म्हणतं, नाव आपलं असलं तरी गाडी मेक्सिकोत जुळते. कुणी म्हणतं, नाव जपानी असलं तरी कारखाना इंडियानात आहे, पोरं आपलीच आहेत. समोरच्या काचेच्या खाली डाव्या कोपऱ्यात गाडीचा लांबलचक नंबर असतो. त्याचा पहिला आकडा बघितला की गाडी कुठे जन्मली ते कळतं. एक, चार, पाच म्हणजे इथली. दोन म्हणजे कॅनडा, तीन म्हणजे मेक्सिको. अर्लीनला हे सगळं पाठ. पण तिचा हिशेब एवढ्यावर थांबत नाही. "आकडा राहू दे," ती म्हणते, "जोडणाऱ्याच्या खिशात युनियनचं कार्ड आहे का, ते सांग." जपानी कंपनीच्या इंडियानातल्या कारखान्यात युनियन नाही, म्हणून ती गाडी पलीकडे. माझी गाडी कॅनडातली, पण तिथे कार्ड आहे, म्हणून मी आत. माझं मत विचाराल तर ज्याला जी हप्त्यांत परवडेल ती त्याने घ्यावी. पण मला कुणी विचारत नाही, आणि अर्लीनसमोर मी ते बोलतही नाही.

आता तिच्या मुलाविषयी सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

रसेल तिचा एकुलता एक. बाप मर्ल आणि आई अर्लीन दोघंही कारखान्यात, तेव्हा पोरगाही एकविसाव्या वर्षी तिथेच लागला, बापासारखाच दारं बसवायच्या लाइनवर. मर्ल गेला, मग दोन वर्षांत कारखाना बंद पडला. रसेल दीड वर्ष इकडेतिकडे हिंडला. छपरं घातली, बर्फ उपसला. शेवटी इंडियानात त्या जपानी कारखान्यात दारं बसवायलाच लागला. निघायच्या दिवशी तो आईसमोर उभा राहिला, आणि अर्लीनने त्याला डबा बांधून दिला. अंड्याचं सॅलड भरलेले सँडविच, चार. तोंडातून एक शब्द काढला नाही. ती रागावली नव्हती हे मला माहीत आहे, कारण त्या संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. "पोटासाठी गेला, त्याला काय बोलू? आणि नाही बोलले तर त्याला वाटेल, मी रागावले." हे ती मला सांगत होती. सांगायचं होतं रसेलला.

त्यानंतर रसेल वर्षातून दोनदा यायचा. नाताळला आणि आईच्या वाढदिवसाला. येताना नेहमी आपल्या इथल्या, अमेरिकन कंपनीची गाडी. चकचकीत, नवी. अर्लीन दारात उभी राहून म्हणायची, "छान आहे हो गाडी." तो म्हणायचा, "हो ना." आणि दोघंही घाईघाईने आत जायचे.

माझी बहीण फोर्ट वेनला असते, म्हणजे रसेलच्या वाटेवरच. एका नाताळच्या आदल्या दिवशी तिच्याकडे जाताना मी पेट्रोल भरायला थांबले. शेजारी भाड्याच्या गाड्यांचं दुकान. तिथे रसेल एका गाडीच्या डिकीतून दुसऱ्या गाडीच्या डिकीत आईची भेट, केकचा डबा आणि खोकी हलवत होता. पहिली गाडी जपानी, त्याच्या कारखान्यातली. दुसरी आपली, अमेरिकन. मला बघून त्याचा चेहरा असा झाला की मला चोराला पकडल्यासारखं नाही, चोरी करताना आपणच पकडले गेल्यासारखं वाटलं.

"नेडीन आंटी, आईला सांगू नका."

"किती वर्षं चाललंय हे?"

"चार. तिथे सगळ्यांना ही गाडी सवलतीत मिळते. मीच दारं बसवतो त्या गाडीची. पण आईच्या अंगणात ती कशी नेऊ? तिला रस्त्यात तोंड दाखवायला जागा राहील का?"

"अरे, पण पाच तासांचा तर रस्ता. महिन्यातून एकदा येऊन जायला काय होतंय तुला?"

"दर महिन्याला भाड्याची गाडी?" तो हसला. "आंटी, मी दारं बसवतो. बँक नाही चालवत."

तेव्हा कळलं की हा वर्षातून दोनदाच का येतो. आई आणि मुलाच्या मध्ये काय उभं होतं, तर एक भाड्याची गाडी. मी वचन दिलं आणि तोंड शिवून घेतलं. त्यावर आणखी सात वर्षं गेली.

मधल्या काळात अर्लीनचे डोळे गेले. पूर्ण नाही. डोळ्याच्या मधोमध डाग पडलाय, डॉक्टर म्हणाले, तो वाढत जाणार. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माणसाकडे सरळ बघितलं की चेहऱ्याच्या जागी राखाडी ढग. तिने गाडी चालवणं सोडलं, आणि हे रसेलला मुळीच कळवायचं नाही, अशी मला शपथ घातली. "कळलं तर तो नोकरी सोडून येईल. इथे येऊन काय करणार? माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसेल?" तो आला की ती घरात सवयीने वावरायची, त्याला पत्ता लागू द्यायची नाही. झालं, आता दोघांची दोन गुपितं माझ्या पदरात. मला बोलायची इतकी हौस, आणि देवाने मलाच निवडावं!

डोळे गेले तरी फाटकावरची खुर्ची तिने सोडली नाही. गाडीचा आकार कडेने दिसायचा, इंजिनाच्या आवाजावरून बाकीचं कळायचं. चेहऱ्याकडे तशीही ती कधी बघत नसेच. बोनेटकडे बघायची.

यंदा मार्चमध्ये हॉलचे सेक्रेटरी लाइल यांनी ठरवलं की अर्लीनला पंचवीस वर्षांबद्दल लाकडी मानपत्र द्यायचं, वर छोटं घड्याळ बसवलेलं. तिला आधी सांगायचं नाही. मी घरी गेले आणि रसेलला फोन लावला. इथे मी शहाणपणा केला, आणि तो मलाच महागात पडला.

"ये," मी म्हटलं. "दुपारी बारा वाजता. आणि भाड्याची गाडी आणू नकोस. तुझी स्वतःची घेऊन ये. तुझी आई एकोणऐंशीची झाली, आता किती वर्षं गाड्या बदलत बसणार आहेस?"

"फाटकावर तीच असेल ना?"

"असेल. तुला बघून सगळं विसरेल. आई आहे ती."

डोळ्यांचं मी बोलले नाही. शपथ होती. तो माझा मूर्खपणा.

मंगळवारी आभाळ स्वच्छ होतं, रस्त्याच्या कडेला मळका बर्फ उरलेला. मी अर्लीनला खुर्चीवर बसवलं, चादर दिली, आणि कॉफी आणायला हॉलमध्ये गेले. दोन कप घेऊन दारात आले तर रसेलची निळी गाडी फाटकाशी वळत होती. त्याने काच खाली केली. शेजारच्या सीटवर फुलं. चेहरा असा फुललेला, जणू शाळेतून बक्षीस घेऊन आलाय. बोलला काहीच नाही, आई आता आनंदाने ओरडेल म्हणून वाट बघत थांबला.

अर्लीनने सरळ त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. आणि काठी उचलली.

"पलीकडे," ती म्हणाली. "चर्चच्या आवारात लावा. पाटी वाचता येते ना?"

मी हाक मारेपर्यंत काच वर गेली होती. गाडी हळूच मागे सरकली, रस्ता ओलांडून चर्चच्या आवारात गेली आणि अगदी टोकाला जाऊन थांबली. इंजिन बंद झालं नाही. माझ्या हातातली कॉफी माझ्याच बुटांवर सांडली. पायरीवर कप टाकले आणि माझ्या बदललेल्या गुडघ्यांनी जमेल तशी रस्ता ओलांडून धावले. एका ट्रकवाल्याने शिवी दिली, ती त्याला नंतर परत देईन.

रसेलने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते. पन्नाशीचा माणूस, कानामागे केस पांढरे झालेले, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"बघितलंत ना, आंटी? सरळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली. पलीकडे लावा. 'लावा' म्हणाली मला."

"अरे, तिला दिसत नाही!"

"काय?"

"तिला दिसत नाही रे, गाढवा. समोरचं काहीच दिसत नाही. तीन वर्षं झाली. तुला सांगू नको म्हणाली. तुझा चेहरा तिला दिसलाच नाही, नुसती गाडी दिसली."

 त्याने इंजिन बंद केलं. शपथ मोडल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. आधीच मोडायला हवी होती, याचं वाईट वाटलं.

"तू इथून हलू नकोस," मी म्हटलं आणि परत रस्ता ओलांडला.

अर्लीन दुसरी एक गाडी आत घेत होती. मी तिच्या खुर्चीशी वाकले. "आत्ता निळी गाडी पलीकडे पाठवलीस ना? त्यात रसेल होता."

 ती चादरीची कड चिमटीत धरून शिवण चाचपडत राहिली.

"काच खाली होती," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"म्हणजे मी त्याच्याकडे बघूनच बोलले."

"हो. पण मी सांगितलंय त्याला डोळ्यांचं. शिव्या द्यायच्या तर नंतर दे."

ती उठली. मी हात पुढे केला तो तिने झटकला नाही, आणि अर्लीनच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट आहे. आम्ही रस्ता ओलांडत असताना हॉलच्या दारातून लाइल ओरडले, "अर्लीन! अगं, कुठे चाललीस? आत सगळे थांबलेत!"

"खाऊ द्या त्यांना!" ती मागे न बघता ओरडली.

पंचवीस वर्षांत ती त्या आवारात पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. इतकी माणसं तिथे धाडली, पण जागा कशी आहे ते तिने पाहिलं नव्हतं. रसेल गाडीबाहेर उभा होता. ती त्याच्यासमोर थांबली आणि मान तिरकी केली. हल्ली ती अशीच बघते, कडेने. बराच वेळ बघितलं.

"टक्कल पडायला लागलंय तुला," ती म्हणाली.

"आई, तू सांगितलं का नाहीस?"

"तू सांगितलंस?" मग तिने गाडीच्या छतावर हात ठेवला. "तू दर वेळी भाड्याची गाडी आणायचास."

रसेलने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात वर केले. मी नाही सांगितलं, देवाशपथ.

"तिच्याकडे काय बघतोस? मागच्या काचेच्या कोपऱ्यात भाडेवाल्यांची चिकटपट्टी असते. डोळे धड होते तेव्हा पहिल्याच नाताळला दिसली. तू अंघोळीला गेलास की मी अंगणात जाऊन नंबर वाचायची. बहुतेक वेळा तीनने सुरू. आईला बरं वाटावं म्हणून पोरगा मेक्सिकोतली गाडी भाड्याने आणतोय!" ती हसायला गेली आणि ते तिला जमलं नाही. "मला वाटलं, तू एवढा खटाटोप करतोस, मी बोलले तर तुला लाज वाटेल. म्हणून म्हणायची, छान आहे हो गाडी."

"अकरा वर्षं, आई."

"अकरा वर्षं. वर्षातून दोनदा. बावीस वेळा बघितलं तुला." तिने हात पुढे करून त्याची बाही धरली. "आता बघायची वेळ आली, तर डोळे नाहीत."

रसेलने तिला जवळ घेतलं. मी चर्चच्या पाटीवर रविवारच्या प्रवचनाचा विषय वाचत बसले. तीनदा वाचला, आणि एकदाही काय लिहिलंय ते कळलं नाही.

थोड्या वेळाने अर्लीनचा आवाज आला, नेहमीचा. "दार उघड."

त्याने दार उघडलं. ती बसली नाही. आधी वाकून सीटच्या कडेवरून हात फिरवला, वरून खाली, खालून वर. "टाका बरा आहे," ती म्हणाली. मग सरळ झाली, दार धरलं आणि ढकलून दिलं. ठप्प. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. कान देऊन ऐकलं.

"हे कुणी बसवलं?"

"माझ्याच लाइनवरचं आहे. माझ्या पाळीतलं."

"मर्लला ऐकायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "असं दार तो शंभरात दोनदा बसवायचा आणि घरी येऊन शंभरदा सांगायचा." तिने तिसऱ्यांदा दार लावलं, नुसतंच. "नंबर कितीने सुरू होतो?"

"पाचने."

"आणि कार्ड?"

रसेलने खाली मान घातली. "मागच्या वर्षी मतदान झालं आमच्याकडे युनियनसाठी. मी बाजूने दिलं. हरलो."

"तू बाजूने दिलंस?"

"मग? तुझा मुलगा ना मी."

अर्लीनने नाक शिंकरलं, रुमालात, जोरात. "तर मग गाडी इथेच राहील," ती म्हणाली. "नियम तो नियम. पण आपण आत जाऊन केक खाऊ."

अशी ती मानपत्र घ्यायला आत गेली, रसेलच्या दंडाला धरून. घड्याळ तिला दिसलं नाही, टिकटिक ऐकून खूष झाली. रसेलने तीन तुकडे केक खाल्ला आणि पत्त्यांत माझ्याकडून सपाटून मार खाल्ला.

आता तो दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतो. सुट्टी मागून घेतो, पहाटे निघतो, आईला घरून घेतो आणि हॉलवर आणतो. त्याच निळ्या गाडीतून. आणि ती गाडी फाटकातून आत येत नाही. चर्चच्या आवारात टोकाला लागते. मग ती दोघं रस्ता ओलांडतात. तिची काठी, त्याचा दंड, आणि त्यांच्यासाठी थांबलेल्या दोन्ही बाजूंच्या गाड्या, देशी काय आणि परदेशी काय. दहा मिनिटं लागतात. इकडे पोचली की ती खुर्चीवर बसते, चादर घेते आणि परदेशी गाडीवाल्यांना पलीकडे पाठवायला लागते.

परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं, लाइल म्हणतायत, तुझ्या वयाकडे आणि डोळ्यांकडे बघून रसेलला फाटकापर्यंत गाडी आणू दे. कुणी काही म्हणणार नाही. कशाला एवढं चालतेस?"

तिने मान तिरकी करून कडेने माझ्याकडे बघितलं, मला अक्कल कमी असल्यासारखं.

"फाटकाशी उतरवलं," ती म्हणाली, "तर त्याच्या हाताला धरून चालायचं कधी?"